तारेला दोन टोकं असतात

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं १/७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, प्लास्टिक मॉडेल तळहातावर मावतं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम साडेपंधरा सेंटीमीटर. कॉकपिटमध्ये एक खुर्ची, एक दांडी आणि काळ्या रंगाचा चौकोनी तुकडा एवढंच असलं तरी डोळा समजुतीने घेतो. तेच विमान १/३२मध्ये घेतलं की पंख पस्तीस सेंटीमीटर होतात आणि डोळ्याचा स्वभावच बदलतो. तो आत डोकावून चौकशा सुरू करतो. खुर्चीला पट्टे कुठे आहेत? हा खटका ओढला तर काय हलेल? ही नळी भिंतीतून आली, पुढे कुठे गेली? मोठं मॉडेल म्हणजे मोठे भाग, म्हणून काम सोपं, असं ज्यांना वाटतं त्यांनी अजून खोका उघडलेला नसतो.

डिटेलिंग, म्हणजे बारकावे आणणं, म्हटलं की आधी डोळ्यांपुढे तारा, पितळी पत्रे आणि रेझिनचे, म्हणजे ओतीव राळेचे, तुकडे येतात. पण मोठ्या स्केलमधलं पहिलं डिटेलिंग भर घालण्याचं नसून काढण्याचं असतं. त्यासाठी आधी कॅल्क्युलेटर घ्यावा आणि जे दिसेल त्याला ३२ने भागावं किंवा गुणावं. खऱ्या विमानाचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेलवर ०.०३ मि.मी. किटमधल्या प्लास्टिकची जाडी साधारण एक मिलिमीटर, म्हणजे खऱ्या हिशोबात ३२. चाकाच्या झाकणाला सव्वा इंच जाड पत्रा! ते विमान उडणार नाही, रणगाडा म्हणून कदाचित चालेल.

०.०३पर्यंत पोचणं शक्य नाही आणि गरजही नाही, कारण डोळ्याला फक्त कड दिसते. खुर्चीचा काठ, चाकांची झाकणं, एक्झॉस्टची तोंडं, कॉकपिटचं दार, एवढ्यांच्या कडा आतल्या बाजूने उतरत्या कराव्यात. नवं ब्लेड पृष्ठभागाशी काटकोनात धरायचं आणि कापायचं नाही, खरवडायचं. कडेपासून तीन-चार मिलिमीटरचा पट्टा उतरता झाला आणि टोकाला ०.२-०.३ मि.मी. उरलं की थांबायचं. बाहेरच्या बाजूला हात लावायचा नाही, तिथला आकार गेला की गेला. जास्त खरवडलं तर प्लास्टिकमधून उजेड आरपार दिसतो. त्यावर उपाय म्हणजे आतून आधी काळा प्रायमर, रंगाच्या आधीचा थर. एक्झॉस्टचं तोंड बंद असेल तर आधी ०.५ मि.मी.च्या ड्रिलने ओळीने भोकं पाडावीत आणि मग ती ब्लेडच्या टोकाने जोडावीत. एकदम मोठं ड्रिल घातलं तर ते घसरून भिंत फोडतं.

मग पट्टे. ब्रिटिश लढाऊ विमानांत सटन हार्नेस असायचा: चार पट्टे, त्यांना ओळीने भोकं, आणि सगळी भोकं एकाच खिळीवर येऊन अडकायची. फोटोएच, म्हणजे रसायनाने कोरलेल्या, पितळेत ही भोकं सुरेख येतात, पण पितळेला वजन कळत नाही. ते खुर्चीवर पडत नाही, ताठ उभं राहतं. म्हणून वाकवण्याआधी तो तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवावा आणि आपोआप गार होऊ द्यावा. त्यानंतर तो कापडासारखा वागतो. रंग मात्र तापवण्याच्या आणि वाकवण्याच्या नंतर. आधीच छापून आलेल्या रंगीत पट्ट्यांना ज्योत दाखवू नये. शिशाच्या पातळ पत्र्याचे पट्टे कापले तर हा खटाटोप वाचतो, कारण शिसं उपजतच आळशी असतं. पट्टा खुर्चीच्या काठाला टेकलेला, मग वळून खाली लोंबलेला आणि तळाशी थोडासा गोळा झालेला हवा. चारही पट्टे इस्त्री केल्यासारखे समांतर दिसले की कॉकपिटमध्ये कधी कुणी बसलंच नाही असं वाटतं.

आता तारा. इथेच मोठ्या स्केलचं खरं सुख आहे आणि सगळ्यात जास्त खोटेपणाही इथेच चालतो. इंजिनाभोवती दहा-बारा तारा गुंडाळल्या की गर्दी दिसते आणि गर्दीला लोक डिटेलिंग म्हणतात. पण तारेला दोन टोकं असतात. ती कुठून तरी निघते, कुठे तरी पोचते आणि मध्ये कशाला तरी बांधलेली असते. हे तिन्ही दिसलं तर एकच तार पुरते.

चाकाच्या ब्रेकची नळी घ्या. खरी नळी दहा मिलिमीटर जाड धरली तर मॉडेलवर ०.३. यासाठी शिशाची तार उत्तम. तिचा तुकडा काचेवर ठेवून वरून स्टीलची पट्टी हलक्या हाताने फिरवली की बोरूसारखा सरळ होतो. चाकाच्या मध्याशी आणि पायाच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, वरच्या टोकाशी ०.३५ मि.मी.ची भोकं पाडायची. तार लागेल त्याच्या दीडपट लांब ठेवायची. खालचं टोक भोकात घालून सुईच्या अग्रावर येईल एवढाच सुपरग्लू लावायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. घाई केली तर वरचं टोक ओवताना खालचं निसटतं आणि मग दोन्ही हातांना दोन टोकं पुरवता पुरवता तिसरा हात आठवू लागतो. वळण ब्रशच्या दांड्याभोवती द्यावं. चिमट्याने दिलं तर शिसं चेपतं आणि नळीचा तेवढा भाग रिबिनीसारखा चपटा होतो. पायाला नळी जिथे बांधलेली असते तिथे अर्धा मिलिमीटर रुंदीची अॅल्युमिनियम टेपची पट्टी गुंडाळायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खालच्या बाजूला थोडी ढील सोडायची. विमान उतरताना पाय दबतो आणि उडताना पुन्हा लांब होतो. नळी ताणलेली असेल तर पहिल्याच उड्डाणात तुटेल. बघणाऱ्याला हे सांगता येणार नाही, पण ढील नसेल तर काहीतरी चुकलंय हे त्याला जाणवतं.

तांब्याची तार कडक असते, लांब सरळ नळ्यांना ती बरी. पण एकदा मुडपली की तो मुडपा कायमचा. शिसं हाताळल्यावर हात धुवावेत आणि तार दातात धरण्याची सवय असेल तर ती सोडावी. रेझिनही ओलं करूनच घासावं, तोंडावर मास्क लावून. त्याची धूळ फुफ्फुसात जाण्याइतकी बारीक असते.

इंजिन उघडं ठेवायचं ठरवलं तर हिशोब आधीच मांडावा. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला बारा सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे चोवीस तारा. पण निम्मे प्लग दोन रांगांच्या मधल्या खोबणीत असतात, त्यामुळे बाहेरून प्रत्येक बाजूला सहाच. आर-२८०० सारख्या अठरा सिलिंडरच्या रेडियल इंजिनाला, म्हणजे सिलिंडर चक्राकार मांडलेल्या इंजिनाला, छत्तीस. या छत्तीस तारा बसवून झाल्यावर इंजिन इतकं देखणं दिसतं की काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, बंद होत नाही हे लक्षात यायला वेळ लागतो. प्रत्येक तारेने बाहेरच्या बाजूला ०.३ मि.मी. जागा घेतलेली असते, गोंदाचा थेंब वेगळाच. म्हणून दर सहा तारांनंतर काउलिंग घालून बघावं. छत्तिसाव्या तारेनंतर बघण्याला तपासणी म्हणत नाहीत, पश्चात्ताप म्हणतात.

कॉकपिटमधल्या डायलच्या बाबतीत चुकतो तो क्रम. ऐंशी मिलिमीटरचा खरा डायल १/३२मध्ये अडीच मिलिमीटरचा होतो. पंचने गोल कापलेली डिकल, म्हणजे आकडे छापलेली पातळ चिकटचित्राची चकती, प्रत्येक डायलमध्ये बसवायची, वर ती मऊ करून बसवणारं सेटिंग सोल्यूशन, मग पूर्ण पॅनेलवर मॅट वार्निश. ते वाळल्यावर, आणि वाळल्यावरच, टूथपिकच्या टोकाने प्रत्येक डायलवर ग्लॉसचा एकेक थेंब. ती काच. उलट केलं, म्हणजे आधी काच आणि मग मॅट, तर सगळे डायल धुक्यात जातात. थेंब मोठा झाला तर काठाबाहेर ओघळतो आणि पॅनेलवर तेल सांडल्यासारखं दिसतं. स्पिटफायरमध्ये मधल्या सहा मुख्य उपकरणांचं पॅनेल वेगळं असतं, बाकीच्या फळीवर चढवलेलं. ते मागे प्लास्टिकचा पातळ तुकडा लावून केसभर पुढे आणलं तर त्याची सावली पडते, आणि ती सावली रंगवलेल्या कुठल्याही रेघेपेक्षा खरी असते.

रिव्हेटचा, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचा, मोह सगळ्यात वाईट. सहा मिलिमीटरचं डोकं मॉडेलवर ०.२ मि.मी. होतं, दोन रिव्हेटमधलं २५ मि.मी.चं अंतर ०.८. स्पिटफायरच्या पहिल्या नमुन्यावर एक मजेशीर चाचणी झाली होती. सपाट रिव्हेटवर अर्ध्या वाटाण्यांच्या डाळी चिकटवल्या, म्हणजे फुगीर डोक्याची नक्कल झाली, आणि विमान उडवलं. वेग ताशी सुमारे २२ मैलांनी घटला. मग डाळी टप्प्याटप्प्याने काढून कुठले रिव्हेट फुगीर चालतील ते ठरवलं गेलं. म्हणजे पत्र्यावरचा कण न् कण सपाट करण्यासाठी त्या लोकांनी एवढा जीव काढला, आणि आपण मॉडेलवर खोल खड्डे पाडून विमानाला देवी आल्यासारखं करून ठेवतो.

टिंबं पाडणारं रिव्हेटचं दातेरी चाक फिरवण्याआधी पेन्सिलने आतल्या फासळ्यांच्या रेषा आखाव्यात, कारण रिव्हेट त्यांच्यावरच असतात. चाक जाड लेबल टेपच्या कडेने फिरवावं. साधी मास्किंग टेप पातळ, चाक तिच्यावर चढतं. दाब एकसारखा हवा, रेष एकदाच. दुसऱ्यांदा फिरवलं तर जुन्या टिंबांच्या मध्ये नवी टिंबं पडतात. प्रत्येक टिंबाभोवती प्लास्टिक उचकटून बारीक कंगोरा येतो, तो १००० ते १५०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने घासावा आणि आत अडकलेला चुरा टूथब्रशने काढावा, नाहीतर प्रायमर तिथेच साचून सगळी मेहनत बुजवतो. आणि स्पिटफायरच्या रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूवर, रिव्हेट मारू नयेत. तिथे कापड असतं.

संदर्भासाठी संग्रहालयातलं किंवा अजून उडणारं विमान बघताना जरा डोळ्यांत तेल घालावं. त्याला नवा रेडिओ बसवलेला असतो, रंग चकचकीत असतो आणि तारा काळ्या प्लास्टिकच्या टायने आवळलेल्या असतात. तो टाय १/३२मध्ये प्रामाणिकपणे बनवून १९४३च्या विमानात घालणारी मंडळी आहेत. त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल आदरच वाटतो.

कॉकपिटच्या बाजूच्या भिंतींवर रेझिन किंवा पितळ चढवलं की प्रत्येक वेळी विमानाच्या धडाचे दोन्ही अर्धे टेपने जोडून बघावेत. रेझिनची जाडी कुठे तरी जायला हवी. ती किटची भिंत आतून घासूनच मिळते. खुर्ची अर्धा मिलिमीटर वर बसली तरी कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, सरकत नाही. कॅनोपी सुपरग्लूने चिकटवू नये, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते आणि महिनाभराचं काम दुधात बुडतं. पांढरा पीव्हीए गोंद हळू वाळतो, पण पारदर्शक होतो आणि ओल्या फडक्याने पुसताही येतो.

शेवटी अर्धे कायमचे चिकटवायचे. क्लॅम्प काढले, सांधा घासला, मॉडेल उचलून सहज तिरकं केलं, आणि आत काहीतरी टिक्‌ करून घरंगळलं. हा आवाज मोठ्या स्केलवाल्यांना चांगला ओळखीचा आहे. लोहचुंबक कामाचा नाही, कारण सुटलेला तुकडा पितळेचा किंवा रेझिनचा असतो. मागच्या चाकाच्या भोकातून पीव्हीएचे चार-पाच थेंब आत सोडायचे, नाक वर करून विमान हळूहळू हलवायचं, म्हणजे तुकडा शेपटीकडे जाऊन गोंदात रुततो. रात्रभर तसंच उभं ठेवायचं. सकाळी तिरकं करून कान लावायचा, आणि मग टॉर्च घेऊन कॉकपिटमध्ये बघायचं, नक्की काय कमी झालंय.