हिरोचा मित्र

काल दुपारी उगाच टीव्ही लावला तर कुठलातरी जुना पिक्चर अर्ध्यावर आलेला. नाव कळलं नाही, गरजही नव्हती. हिरो खांबाला टेकून उदास उभा आणि शेजारी तो, ढगळ शर्ट, तोंडाचा पट्टा चालू. "अरे जा ना वेड्या, सांगून टाक तिला!" हा कोण हे काय सांगायला लागतं?

मला एक खोड आहे, मी पिक्चरभर याच्याचकडे बघत बसतो. हा कमावतो काय, रात्री अडीचला हिरोने दार वाजवलं तरी हा जागाच कसा, याच्या स्वतःच्या प्रेमाचं काय झालं, कोणी विचारतच नाही. आणि इंटरव्हलनंतर "एकदा घरी जाऊन येतो रे" म्हणाला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण आता गडी गेला.

प्रॉप नावाच्या रशियन अभ्यासकाने १९२८ साली परीकथा सोलून सोलून सातच प्रकारची पात्रं काढली, त्यात एक मदतनीस. असेल. पण मला त्यापेक्षा शाकुंतलातला माढव्य, दुष्यंत राजाचा विदूषक मित्र, जवळचा वाटतो. दुष्यंत दुसऱ्या अंकात याच्यापाशी शकुंतलेबद्दल सगळं ओकतो, मग राजधानीत जाऊन हा बडबडेल म्हणून जाताना सांगतो, ती नुसती चेष्टा होती बरं का. पाचव्यात ती बिचारी दरबारात येते तेव्हा या गड्याला आधीच दुसऱ्या राणीची समजूत काढायला पिटाळलेलं. आणि सहाव्यात अंगठी मिळाल्यावर राजा वर यालाच विचारतो, तू का नाही रे आठवण केलीस? हा म्हणतो, तूच म्हणालास ना चेष्टा आहे, माझी मातीच्या गोळ्याची बुद्धी, मला खरंच वाटलं. म्हणजे ज्याला माहीत होतं तोच नेमका बाहेर. तो आत असता तर नाटक तिथेच आटपलं असतं म्हणा.

शाळेच्या गॅदरिंगला मीही राजाचा मित्र होतो. वाक्य एकच, "महाराज, मी आहे ना!", आणि एक्झिट. पुढे पाऊण तास विंगेत, राजाची जास्तीची तलवार धरून. तालमी बघून बघून अख्खं नाटक पाठ झालेलं, त्यामुळे शेवटच्या भाषणात राजा गप्प झाला, ओठ हलतायत पण आवाज नाही, तेव्हा मी पडद्याच्या फटीतून एकेक ओळ पुरवली. टाळ्या कडकडून पडल्या. तलवारीच्या चंदेरी कागदाचा रंग हाताला लागला होता तो दोन दिवस निघाला नाही.

मध्यंतरी राजा भेटला. म्हणाला, "काय भाषण झालेलं रे तेव्हा, मधेच विसरलो होतो, पण आपोआप आठवत गेलं बघ."

मी म्हटलं, हो ना, भारीच झालेलं.