पौषातलं बीरभूम: शिंदीचा रस, नवा गूळ आणि पिठेपुली

बंगाल बघायला आपल्याकडची बहुतेक माणसं दुर्गापूजेत जातात आणि कोलकात्याच्या मांडवांत फिरून परततात. खेडं बघायचं असेल, तर मी पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातला पौष सुचवेन. आमन, म्हणजे हिवाळ्यात कापणीला येणारं भात कापून घरात आलेलं असतं, त्यामुळे हात जरा मोकळे असतात आणि शिंदीच्या झाडांना रस चढलेला असतो. फक्त कालनिर्णयातला पौष बघून तिकीट काढू नका. बंगाली महिने सौर आहेत. त्यांचा पौष डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि १४ किंवा १५ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी संपतो. आपल्या तिळगुळाचा दिवस तोच त्यांचा पिठेपुलीचा, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या गोड पदार्थांचा.

मुंबईहून गीतांजली किंवा हावडा मेलने हावडा, तिथून बोलपूर-शांतिनिकेतन अडीच-तीन तास. स्टेशनबाहेर टोटो, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षा मिळतात आणि गावागावांत जायला तेच सोयीचे. रात्री पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो आणि पहाटे दाट धुकं असतं, तेव्हा स्वेटरसोबत कानटोपी हवीच. माणसांना ‘दादा’, ‘बौदी’, ‘मासीमा’ म्हणून हाक मारावी आणि घरचा फोटो विचारूनच काढावा. सकाळच्या न्याहारीला मुडी, म्हणजे आपले चुरमुरे, मोहरीच्या कच्च्या तेलात कालवून, सोबत कांदा, हिरवी मिरची आणि आलूर चॉप, म्हणजे बटाट्याची तळलेली भजी. दुपारी भात, उडदाची पातळ डाळ आणि आलू-पोस्तो, म्हणजे खसखशीच्या वाटणातले बटाटे. राढ, म्हणजे बंगालच्या या पश्चिमेकडच्या भागात हे जेवण साधं समजलं जातं. मला विचाराल तर मिठाईपेक्षा हे आधी खावं.

आता गूळ. झाड आपलंच, शिंदी. महाराष्ट्रात याच झाडाच्या रसाची नीरा किंवा ताडीसारखी शिंदी होते, तिथे गूळ होतो. रस काढणाऱ्याला पश्चिम बंगालमध्ये शिउली म्हणतात, बांगलादेशात गाछी. बीरभूममध्ये पुष्कळ शिउली नदिया आणि मुर्शिदाबादकडून हंगामापुरते येतात, रानाच्या कडेला झोपडी टाकून राहतात. त्यांत मुसलमान कारागीर मोठ्या संख्येने आहेत, आणि हिंदू घरातली संक्रांत त्यांच्या गुळावर गोड होते. झाडं भाड्याने घेतलेली असतात. भाडं बऱ्याचदा गुळाच्याच रूपात, झाडामागे काही किलो असं ठरतं.

काम कार्तिकातच सुरू होतं. शेंड्याजवळ एका बाजूच्या झावळ्या छाटून खोड साफ करतात आणि काही दिवस तसंच वाळू देतात. मग धारदार कोयत्याने साल पातळ तासून त्या जागी त्रिकोणी खाच करतात. खाचेच्या टोकाशी बांबूची नळी ठोकायची आणि तिच्याखाली मडकं बांधायचं. तासणी फार खोल गेली तर झाड कुजतं, उथळ राहिली तर रस येत नाही. पुढच्या वर्षी तासणी विरुद्ध बाजूला करतात, म्हणून जुन्या शिंदीचं खोड नागमोडी दिसतं. खाचा मोजल्या की झाडाने किती हंगाम रस दिला, ते कळतं.

रोज रस काढत नाहीत. दोन-तीन दिवस काढायचा, मग तितकाच काळ झाडाला विसावा. विसाव्यानंतरच्या पहिल्या रात्रीचा तो ‘जिरेन’ रस, सर्वांत स्वच्छ आणि गोड. दुसऱ्या दिवशीचा ‘दोकाट’, तिसऱ्याचा ‘तेकाट’. दर दिवसागणिक रस कमी आणि गढूळ होत जातो. चांगलं झाड जिरेनच्या रात्री चार-पाच लिटरपर्यंत देतं. मडकं दुपार कलल्यावर चढतं आणि सूर्य वर यायच्या आत उतरतं. उशीर झाला की रस आंबायला लागतो, आणि मग त्याची ताडी होते. कडक थंडीची निरभ्र रात्र सर्वांत चांगली. ढग आले, हवा उबदार झाली की तोच रस आंबूस येतो आणि गूळ चिकट होतो. मडकीही रोज धुऊन, आगीवर धुरी देऊन वाळवावी लागतात. आदल्या दिवशीचा आंबूस अंश राहिला, तर सगळा रस बिघडतो.

पहाटे कच्चा रस प्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. माझा सल्ला: पिऊ नका. रात्री वटवाघळं नळीवर तोंड लावतात आणि त्यातून निपाह विषाणू माणसात येऊ शकतो. बांगलादेशातल्या साथींमध्ये कच्च्या रसाचा हा धागा स्पष्ट दिसला आहे, आणि नदियातही २००७ मध्ये निपाहचे रुग्ण आढळले होते. झाडावर जाळी किंवा बांबूची चटई बांधलेली असली, तरी तुमच्या ग्लासातला रस त्याच झाडाचा आहे, हे कळायला मार्ग नसतो. उकळलेल्या गुळात ही भीती राहत नाही.

उसाच्या गुऱ्हाळासारखंच चुलाण असतं, पण लहान, जमिनीत खणलेलं. त्यावर पत्र्याची उथळ काहील, सरपण म्हणून शिंदीच्या वाळल्या झावळ्या आणि भाताचा पेंढा. रस दोन-तीन तास आटतो, मळी सतत काढावी लागते. ढोबळ हिशेब असा की आठ ते दहा लिटर रसाला एक किलो गूळ. आधी काकवीसारखा पातळ ‘झोला गूळ’ तयार होतो. तो आणखी आटवला की ‘पाटाली’, म्हणजे ढेप. पाटालीसाठी काहिलीच्या कडेला थोडा गूळ घेऊन तो लाकडी दांड्याने पांढुरका, रवाळ होईस्तोवर घासतात आणि पुन्हा सगळ्यात मिसळतात. याला ‘बीज मारणं’ म्हणतात. हे नीट झालं नाही, किंवा काहील लवकर उतरवली, तर ढेप बसत नाही. उशिरा उतरवली तर गूळ काळपट आणि कडू.

भेसळ उघडउघड चालते: आटवताना साखर टाकतात, कारण ती स्वस्त पडते आणि ढेप लवकर धरते. दगडासारखी कडक, फिकट, चकाकणारी पाटाली घेऊ नये. चांगली बोटाने दाबली तर दबते, आतून ओलसर असते, आणि वास तोंडात टाकण्याआधी येतो. भाव फारच कमी सांगितला, तर दहा लिटर रसाचा हिशेब आठवावा.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरं सारवलेली असतात. तांदूळ वाटून केलेल्या पातळ पांढऱ्या पिठुलीत बोटं किंवा कापडाची घडी बुडवून अंगणात आल्पना काढतात: लक्ष्मीची पावलं, भाताच्या लोंब्या. रांगोळी कोरडी, ही ओली. वाळली की तिचा पांढरा रंग अधिक उठून दिसतो. भाताच्या काड्यांची वेणी करून ती धान्याच्या कोठीला, पेटीला, दाराला बांधतात, ही ‘आउनी-बाउनी’. सोबत म्हणतात त्या ओवीत सांगितलंय की तीन दिवस कुठे जाऊ नका, घरी बसून पिठे-भात खा. पाहुण्याने हे अक्षरशः घ्यावं. त्या दिवसांत गावात कामाचा माणूस मिळत नाही, पण जेवायला कोणीही बोलावतं.

पिठेचं सगळं यश तांदळाच्या पिठात आहे. उकडा नव्हे, आतप म्हणजे कच्चा तांदूळ तीन-चार तास भिजवून, निथळून, किंचित दमट असतानाच दळतात. पूर्वी ढेंकीवर, म्हणजे पायाने चालवायच्या लाकडी उखळावर, आता बहुधा गिरणीत. पाकिटातल्या कोरड्या पिठाची पुली भेगाळते. दूधपुलीसाठी दोन वाट्या पीठ, साधारण तेवढंच उकळतं पाणी आणि चिमूटभर मीठ, म्हणजे आपली मोदकाची उकडच. ती गरम असतानाच मळायची. आत ओलं खोबरं आणि पाटाली परतून केलेलं सारण. बोटभर लांब, टोकदार पुल्या एक लिटर उकळत्या दुधात सोडायच्या आणि पहिली काही मिनिटं चमचा लावायचा नाही, नाहीतर त्या फुटतात. आणि गूळ दूध कोमट झाल्यावरच. उकळत्या दुधात टाकला की दूध फाटतं. ही चूक नव्या सुनेच्या नावावर जमा असते, पण अनुभवी बाईच्या हातूनही होते.

भापा पिठेला पीठ इतपतच ओलं करतात, की मुठीत वळावं आणि बोट लावताच मोडावं. मग ते चाळून, वाटीत पीठ-गूळ-पीठ असे थर देऊन, फडक्यात बांधून वाफवतात. जास्त ओलं झालं तर गोळा, कोरडं राहिलं तर भुगा. आस्के पिठे मातीच्या साच्यात, झाकण ठेवून. साचा पुरेसा तापेपर्यंत पहिली एक-दोन चिकटतात. ती झोला गुळात बुडवून खायची.

संक्रांतीच्याच पहाटे अजय नदीकाठच्या केंदुलीत जयदेवाचा मेळा भरतो. गीतगोविंदकार जयदेव इथला, असं बंगाल मानतं. ओडिशा हा मान आपल्या केंदुलीला देतं आणि हा वाद मिटणारा नाही. संक्रांतीला गंगा उलटी वाहून अजयमध्ये येते, ही श्रद्धा, म्हणून थंडीत गुडघाभर पाण्यात स्नान. रात्रभर आखड्यांत, म्हणजे साधूंच्या मुक्कामांत, बाऊल हे फिरते भक्तिगायक गातात: एकतारा, दोतारा, खमक, पायात घुंगरू. मुख्य रस्त्यावर कर्णे एकमेकांवर आदळतात, तिथे गाणं ऐकू येत नाही. नदीकडच्या लहान आखड्यात जाऊन बसावं. खिचडीही तिथेच मिळते. बोलपूरहून इलामबाजारमार्गे तास-दीड तास, पण गर्दीत दुप्पट धरा आणि परतीचं वाहन आधीच ठरवा.

टुसू हा लोकदेवतेचा सण बघायचा असेल, तर मात्र केंदुली सोडावी लागेल. पुरुलिया-बांकुड्यात पोरींनी महिनाभर पूजलेल्या टुसूचे रंगीत कागदी चौडल, म्हणजे मखरासारख्या पालख्या, संक्रांतीलाच नदीवर नेतात, आणि दोन्ही एका दिवसात जमत नाही.

परतताना पाटाली कागदात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकमध्ये ती घाम धरते आणि बुरशी येते. झोला गूळ रुंद तोंडाच्या बरणीत, वर बोटभर जागा सोडून. घरी आल्यावर एक उकळी काढून फ्रिजमध्ये ठेवा, कारण प्रवासात तो फसफसायला लागलेला असतो.