लिनेआ म्हणजे लिंबाचं झाड नव्हे

स्वीडनमधल्या मराठी घरात मुलगी जन्मली आणि 'लिनेआ' हे नाव पुढे आलं की प्रश्न ठरलेले असतात. आजीला अर्थ हवा असतो. आजोबांना देवनागरीत कसं लिहायचं ते हवं असतं. आणि आईबाबांना धाकधूक असते की हे नाव तिकडे फारच पसरलेलं आहे का, वर्गात चार-चार लिनेआ निघतील का. तुम्ही हे सगळं विचारलंत, म्हणून एकेक करून सांगतो.

अर्थ एका शब्दात सांगायचा तर फूल. आपल्याकडच्या जुई, अबोली, शेवंती यांच्या पंक्तीतलं हे नाव. फरक इतकाच की जुईच्या वेलीला कुणा माणसाचं नाव मिळालेलं नाही. इथे मात्र फुलाला माणसाचं नाव मिळालं, त्या माणसाच्या घराण्याला झाडाचं, आणि मग फुलाचं नाव मुलींकडे आलं.

सुरुवात झाडापासून. दक्षिण स्वीडनच्या स्मोलांड प्रांतात निल्स इंगेमार्सन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. इंगेमारचा मुलगा म्हणून इंगेमार्सन. कायमचं आडनाव असं त्या घरात नव्हतंच. शिकायला विद्यापीठात गेल्यावर आडनाव घ्यावं लागलं. घरच्या जमिनीत लिंडेनचा एक प्रचंड जुना वृक्ष होता, तिथल्या बोलीत 'लिन'. त्याला लॅटिन शेपूट जोडून निल्सने 'लिनेयस' केलं. त्याच झाडावरून त्याच्या नात्यातल्या इतरांनी लिंडेलियस आणि टिलियांडर ही आडनावं घेतली होती. टिलिया हे लिंडेनचं लॅटिन नाव. एका झाडाला तीन आडनावं लागली.

निल्सचा मुलगा कार्ल, जन्म १७०७. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ केली ती यानेच. आंबा, पिंपळ, तुळस यांच्या शास्त्रीय नावांपुढे 'एल.' असं एकच अक्षर दिसतं ना, ते एल म्हणजे हा लिनेयस.

१७३२ मध्ये तो उत्तरेत लॅपलँडला गेला. तिथल्या जंगलात सरपटत पसरणारं एक चिमुकलं फूल त्याच्या मनात बसलं. ते तोवर घंटाफुलांच्या जातीत मोडलं जाई, आणि तपासल्यावर त्याला ते वेगळं वाटलं. आता वनस्पतीला स्वतःच स्वतःचं नाव देणं हे त्या मंडळींत शिष्टाचाराला सोडून होतं. ते काम नेदरलँड्समधल्या लायडनच्या ग्रोनोवियस या त्याच्या वनस्पतीतज्ज्ञ मित्राने केलं. फूल झालं 'लिनेआ बोरेआलिस', म्हणजे उत्तरेकडची लिनेआ. लिनेयसचा जीव त्या फुलावर इतका की तो चित्रांसाठी ते हातात धरून बसे, सरदारकी मिळाल्यावर त्याने ते कुलचिन्हात घेतलं, आणि चीनमधून ते फूल रंगवलेली चहाची भांडीही मागवली.

फूल बघाल तर एवढ्या थोरवीचं काही वाटणार नाही. शेवाळावर सुतळीसारख्या बारीक फांद्या पसरलेल्या, त्यांवर करंगळीच्या नखाएवढी गोलसर पानं, हिवाळ्यातही हिरवी. त्यातून पाच ते दहा सेंटिमीटर उंचीचा केसासारखा दांडा वर येतो, टोकाशी दुभंगतो, आणि दोन्ही टोकांना एकेक गुलाबी घंटा खाली मान घालून लटकते. एका देठावर दोन, म्हणून इंग्रजीत 'जुळं फूल'. एक अडचणही आहे. एकाच रोपाच्या परागांनी त्याला बी धरत नाही. फांद्या जमिनीला टेकून मुळं धरत राहतात, त्यामुळे दिसायला मोठा पट्टा असला तरी तो सगळा कदाचित एकाच रोपाचा असतो, आणि भुंग्यांनी कितीही फेऱ्या मारल्या तरी बी नाही. स्कॉटलंडमध्ये जंगलं तुटून हे पट्टे एकमेकांपासून दूर पडले, तिथे ही अडचण विशेष दिसते.

आता चूक कुठे होते ते. नावांच्या याद्यांत लिनेआचा अर्थ कधीकधी झाड म्हणून देतात. मूळ पकडलं तर ते अर्धं खरं आहे. पण लिंडेनला ब्रिटिश इंग्रजीत 'लाइम ट्री' म्हणतात, आणि त्याचा शब्दशः मराठी अनुवाद केला की मुलीच्या नावाचा अर्थ 'लिंबाचं झाड' होऊन बसतो. लिंडेनचा आणि लिंबाचा काडीचा संबंध नाही. लिंडेन आहे जास्वंद-भेंडीच्या कुळातला. आपल्या सह्याद्रीत त्याचा एक भाऊबंद आहे: धामण. धामणीच्या शास्त्रीय नावात 'टिलिइफोलिया' येतं, म्हणजे लिंडेनसारख्या पानांची. हे नाव देणारा मार्टिन वाल हा लिनेयसचाच विद्यार्थी. आजीला झाड समजावून सांगायचं असेल तर लिंबू नका सांगू, धामण सांगा. (साप नव्हे, झाड.)

दुसरी चूक आपल्या बाजूची. 'लीन' या संस्कृत शब्दाशी नाव जोडून 'नम्र, तल्लीन' असा अर्थ बसवायचा मोह होतो. घरात हौसेने म्हणायला हरकत नाही, पण व्युत्पत्ती म्हणून पत्रिकेवर छापू नका.

किती पसरलेलं आहे, याचं उत्तर कोणती यादी बघता त्यावर आहे. स्वीडनमध्ये मुलाला दोन-तीन नावं देतात आणि त्यांतलं एकच हाक मारायला वापरतात. तिथल्या सांख्यिकी खात्याच्या याद्याही त्यामुळे दोन: सगळी नावं मोजणारी आणि फक्त हाकेची नावं मोजणारी. पहिल्या यादीत लिनेआ पहिल्या दहांत येतं. लाखाहून जास्त बायकांकडे हे नाव आहे. पण त्यांतल्या बहुतेक आन्ना लिनेआ, एल्सा लिनेआ अशा. बँकेत आणि पासपोर्टवर ते नाव असतं, हाक मात्र कुणी मारत नाही. स्वीडिश कानाला दोन अक्षरी नावाच्या मागे हे तीन अक्षरी नाव छान बसतं, हे त्यामागचं एक कारण असावं.

हाकेचं नाव म्हणून त्याची भरती वेगळ्या वेळी आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते मुलींना देऊ लागले, विसाव्याच्या सुरुवातीला ते जोरात होतं, मग पणजीचं नाव म्हणून मागे पडलं. १९८० नंतर पुन्हा वर चढलं आणि २००० च्या आसपास नवजात मुलींच्या हाकेच्या नावांत पहिल्या दहांत होतं. आज त्या मुली पंचविशीच्या आहेत. म्हणजे तुमच्या लेकीच्या वर्गापेक्षा तिच्या शिक्षिकांमध्ये लिनेआ भेटण्याची शक्यता जास्त. सध्या वरच्या जागा आलिस, वेरा, आल्मा, माया अशा आखूड नावांकडे आहेत. त्यांतलं माया आपलं वाटतं, पण ते मारियाचं रूप आहे.

माझं मत विचाराल तर हाकेसाठी ठेवा. दोन्हीकडच्या जिभेला सोपं आहे आणि कुणी शिळं म्हणणार नाही.

कागदपत्रांत मात्र घाई करू नका, आणि उशीरही. स्वीडनमध्ये जन्माची खबर रुग्णालयाकडून कर खात्याला जाते, नाव मात्र पालकांनी तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं आणि ताबा दोघांकडे असेल तर संमती दोघांची लागते. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये मुदत सहा महिन्यांची. एकापेक्षा जास्त नावं देणार असाल तर हाकेचं कोणतं ते नोंदवून घ्या. आपल्या सवयीने मधे वडिलांचं नाव घालायचं असेल तर नीट विचार करा: २०१७ च्या कायद्यानंतर स्वीडनमध्ये नवं मधलं नाव घेता येत नाही, त्यामुळे वडिलांचं 'प्रसाद' हे नाव मुलीचं स्वतःचंच एक नाव होऊन बसतं.

स्पेलिंगची गाठ सगळ्यांत आधी सोडवा. स्वीडिशमध्ये हे नाव 'ई' या अक्षरावर तिरकी रेघ देऊन लिहितात, न देताही लिहितात, दोन्ही चालतात. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या ओळींत ती रेघ कधीच येत नाही. आईबाबा भारतीय नागरिक असतील आणि मुलीलाही भारतीय नागरिकत्व हवं असेल तर जन्माची नोंद भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत करावी लागते, आणि तिथे स्वीडनच्या दाखल्यावरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळलेलं बरं. रेघ नसलेलं रूप घेतलंत तर हा प्रश्नच उरत नाही. 'एन' मात्र दोन ठेवा. एका एनचं रूप डॅनिश वळणाचं आहे, आणि स्वीडनमध्ये प्रत्येक फॉर्मवर कुणीतरी ते 'दुरुस्त' करेल.

उच्चारात जोर मधल्या अक्षरावर, तेच लांबवायचं: लि-नेऽ-आ. दोन एन असले तरी 'लिन्नेआ' असा दणका नको. देवनागरीत 'लिनेआ' लिहा. 'लिनिया' हे इंग्रजी वळण आहे. विभक्ती लता, सुधासारखी: लिनेआला, लिनेआची. स्वीडिश घरात तिचं 'लिन' किंवा 'नेआ' होतं, आपल्याकडे बहुधा लिनू. स्वीडिश पंचांगात तिचा नामदिवस, म्हणजे त्या नावासाठी ठरवून दिलेला दिवस, १३ मे.

आजी-आजोबा उन्हाळ्यात येणार असतील तर तिकिटं जूनच्या शेवटाची काढा. तेव्हा फूल येतं. पाइनच्या जुन्या जंगलात, जिथे शेवाळाचा गालिचा जाड आणि सावली विरळ असते तिथे शोधायचं. उभ्याने दिसत नाही, गुडघे टेकावे लागतात. संध्याकाळी गेलात तर आधी बदामासारखा गोड वास येतो, आणि फूल मग सापडतं.