चालत येणारे आधी पोचतात

कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स म्हणून बारा वर्षं झाली, पण चतुर्थीच्या आदल्या आठवड्यातली ती संध्याकाळ अजून डोळ्यासमोर आहे. धो धो पाऊस, घाटाखाली मिनीबस उलटली म्हणून फोन आला आणि थोड्याच वेळात माणसं दारात, कोण पिकपमधून, कोण स्कूटरवर मागे बसून. कुणाच्या कपाळाला खोक, कुणाचं मनगट सुजलेलं, सगळी भेदरलेली, आम्ही येईल त्याला बेडवर घेत गेलो आणि सहाच्या सहा बेड भरले.

मग १०८ आली. आत पन्नाशीची एक बाई, तोंडातून शब्द नाही, श्वास नुसता भराभर चाललेला. ट्रॉली लावायला जागाच नाही. कोपर खरचटलेल्या एका मुलाला बेडवरून उठवायचं तर त्याची आई सोडेना, ती तरी काय करणार बिचारी. त्यात दोन-तीन मिनिटं गेली. बाईच्या पोटात रक्तस्राव होता, सलाईन लावून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पाठवली, ऑपरेशन होऊन वाचली. पण ती दोन-तीन मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत.

एकदम खूप पेशंट आले तर काय करायचं, ती आपत्तीची फाईल आमच्याकडे होती हो, पण ऑफिसच्या कपाटात, कुलपात. त्यातल्या फोनच्या यादीत एक्स-रेवाले मामा होते, ते रिटायर होऊन वर्ष झालेलं.

त्यानंतर आम्ही कुणाला आधी बघायचं याची निवड आत नाही, बाहेर पोर्चमध्येच करायची ठरवली, रंग देऊन. चालता येतं तो हिरवा, त्याला सरळ ओपीडीच्या हॉलमध्ये बसवायचं. मिनिटाला ३० च्या वर श्वास, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांपेक्षा जास्त, किंवा साधं 'हात दाबा' म्हटलेलं कळत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल, म्हणजे सगळ्यात आधी. बाकीचे पिवळे, त्यांच्यानंतर. हाताला बांधायचे रंगीत टॅग मिळेपर्यंत म्हापशाच्या बाजारातून रंगीत रिबिनी आणल्या.

पहिल्या ड्रिलला नर्सिंगच्या मुलींना पेशंट केलं. एकीच्या गळ्यात चिठ्ठी, 'श्वास नाही'. मान सरळ करून वाट मोकळी केली तरी श्वास नाही, म्हणजे काळी रिबीन, आता थांबायचं नाही. बांधणारी पोरगी नवी, एकोणीस-वीसची, रिबीन हातात धरून तशीच उभी, समोर मैत्रीण डोळे मिटून पडलेली. मी म्हटलं, बाय, बांध आणि पुढच्याकडे जा. बांधली तिने, गाठ मात्र दोनदा सुटली. नंतर चहाच्या वेळी आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो.

२०२५ च्या मे महिन्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली ती पहाटेच्या अंधारात, आणि आमची सगळी ड्रिल आतापर्यंत सकाळी दहाला, भरल्या स्टाफमध्ये. म्हणून पुढची रात्री दोनला घ्यायची असं मी सरांना सांगून ठेवलंय, तेव्हा ड्युटीवर आम्ही तिघीच असतो. यादीतले फोन आता दर एक तारखेला मी स्वतः लावून बघते, गेल्या महिन्यात दोन लागलेच नाहीत.