तुम्ही विचारलंत म्हणून : तबला घरूनच लावून का आणत नाहीत?

मैफलीच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत हा प्रश्न हमखास येतो. इतके नावाजलेले कलाकार, मग वाद्यं आधीच लावून का आणत नाहीत? श्रोत्यांसमोर पंधरा मिनिटं टकटक, गाणं सुरू झालं की परत टकटक. विचारणाऱ्याच्या सुरात कधी कुतूहल असतं, बरेचदा तक्रार असते.

लावूनच आणतात. ग्रीनरूममध्ये अर्धा तास त्यातच गेलेला असतो. पण लावलेलं वाद्य लावलेलं राहत नाही. त्यात पुन्हा मंचावरची वाद्यं सगळी एकाच दिशेने सरकत नाहीत. सगळी मिळून चढली असती तर गायकाने किंचित वरचा षड्ज, म्हणजे सा, धरला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. इथे एक चढतं, दुसरं उतरतं आणि तिसरं जागचं हलत नाही.

पुण्यातला डिसेंबर घ्या. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेला महोत्सव याच महिन्यात उघड्या मैदानावरच्या मांडवात होतो. दुपारी २८-२९ अंशांच्या आसपास असलेली हवा रात्री दहाच्या सुमाराला १५-१६ वर येते आणि दव पडायला लागतं. तंबोऱ्याची पोलादी तार थंडीने आखडते, ताण वाढतो, सूर चढतो. तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचं आवरण, बकऱ्याच्या कातड्याची. ती हवेतला ओलावा पिते, सैलावते आणि उतरते. बासरीत कंप पावते ती हवाच, ती गार झाली की बासरीही उतरते, दर अंशामागे थोडी थोडी. वादक फुंकेने आणि ओठांच्या कोनाने सांभाळून घेतो, पण त्यालाही हद्द असते. पेटीच्या आतले सूर, म्हणजे वाजणाऱ्या पात्या, पितळेच्या, ते जवळजवळ तिथेच राहतात. इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा फोनमधलं ॲप तर कशालाच दाद देत नाही.

हा फरक कानाला किती जाणवतो? हवा दहा अंशांनी गार झाली तर तंबोऱ्याची पोलादी तार साधारण पाव पट्टी चढते. पट्टी म्हणजे पेटीवरच्या लगतच्या काळ्या-पांढऱ्यामधलं अंतर. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण काळी एकचा, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातल्या पहिल्या काळीचा, षड्ज १३८.६ हर्ट्झ धरला, तर पाव पट्टी चढलेली तार १४०.६ च्या जवळ जाते. पेटी आणि तंबोरा एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, वाँव-वाँव असे. हे ऐकायला गवयाचाच कान लागतो असं नाही. ‘आज काहीतरी जमत नव्हतं’ असं म्हणत जे लोक घरी जातात, त्यांनी बहुधा हेच ऐकलेलं असतं.

बंद नाट्यगृहात हिशेब उलटतो. मुंबईच्या दमट हवेतून वाद्यं एसीत आली की कातडं सुकतं आणि तारा आखडतात, म्हणजे तबला आणि तंबोरा दोन्ही चढतात. मग पडदा उघडतो आणि दिवे पूर्ण लागतात. दिव्यांच्या उबेने कातडं आणखी सुकून तबला वर जातो, तारा मात्र सैलावून खाली येतात. जुने हजार-हजार वॅटचे दिवे असताना हा छळ फार होता. एलईडी आल्यापासून बराच कमी झालाय. एसीचा झोत थेट तंबोऱ्यांवर येतो ही तक्रार मात्र अजून कायम आहे, कारण बसायची जागा ठरवताना वर जाळी कुठे आहे ते कुणी बघत नाही.

आता हातोडीकडे वळतो. लोक तबला ‘ठोकतात’ म्हणतात, तसं ते ठोकणं नसतं. पुडीच्या कडेला कातड्याची वेणीसारखी गुंफण असते तो गजरा. त्यातून ओवलेली चामड्याची वादी लाकडी खोडाच्या तळापर्यंत जाते आणि परत वर येते. वादीखाली आठ गट्टे, म्हणजे लाकडी ठोकळे, अडकवलेले असतात. सूर अर्ध्या पट्टीहून जास्त हलवायचा असेल तर काम गट्ट्यांचं. गट्टा खाली ठोकला की वादी ताणली जाते आणि तबला चढतो, वर सरकवला की उतरतो. आठही गट्टे थोडे थोडे हलवायचे, समोरासमोरच्या जोड्यांनी. एका बाजूचे आधी उरकले तर पुडी तिरकी बसते आणि मग ती कशीच एका सुरात येत नाही.

बारीक काम गजऱ्यावर. पुडीच्या कडेने वादीच्या दोन ओवण्यांमधली सोळा घरं असतात. तर्जनीने चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या कातड्यावर, ‘ना’ वाजवत तबला फिरवत जायचं आणि प्रत्येक घराचा सूर ऐकायचा. एखादं घर उतरलेलं वाटलं की त्याच्या समोर गजऱ्यावर वरून हलका टोला. चढलेलं असेल तर खालून वर. एक घर हलवलं की समोरचंही थोडं हलतं, म्हणून जाणकार माणूस सोळा घरं ओळीने घेत नाही. आधी आमनेसामनेची चार, मग त्यांच्या मधली चार. एवढ्यात बाकीची बहुतेक आपोआप जुळतात. टोला मारताना नजर हातोडीवर, कान तंबोऱ्यावर. हातोडी घसरून चाटेवर आली तर चाट फाटते, मधल्या काळ्या शाईवर पडली तर खपली उडते, आणि आधीच ताणलेल्या तबल्यावर जोर केला तर वादी तुटते. वादी तुटली की त्या तबल्याची त्या दिवसाची मैफल संपली. म्हणून पिशवीत दुसरा तबला असतोच.

दुसरा तबला ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. गायकाची पट्टी, म्हणजे तो जिथे षड्ज धरतो तो सूर, काळी एक असली तर पाच-सव्वापाच इंची तोंडाचा तबला लागतो. गायिका काळी चारमध्ये गाणार असतील तर सहा इंचांच्या आसपासचा, मोठ्या तोंडाचा. छोटा तबला काळी चारला उतरवता येत नाही, पुडी ढिली होऊन बोल थपथप येतात. मोठा काळी एकला चढवायला गेलात तर पुडीच जायची. आयोजकांनी साथीदार ठरवताना गायकाची पट्टी फोनवर कळवली नाही तर ऐनवेळी पळापळ होते, आणि हे अजूनही सर्रास विसरतात.

मध्येच का, याचंही उत्तर यातच आहे. ख्यालाचा विलंबित एकताल बारा मात्रांचा. तो अति संथ असेल तर एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, ४० सेकंदांपासून मिनिटभर चालतं. दोन मात्रांमध्ये तीन ते पाच सेकंद मोकळे मिळतात. चांगला तबलावादक डाव्या हाताने डग्ग्यावर ठेका धरून ठेवतो, उजव्या हाताने एक टोला मारतो, पुढची मात्रा जागेवर देतो आणि मग दुसरा टोला. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकत नाही, गायकालाही अडथळा नाही. द्रुत तीनतालात अशी फट मिळत नाही, म्हणून बडा ख्याल, म्हणजे हा संथ भाग, चालू असतानाच हे उरकावं लागतं. गायक पेटीवाल्याच्या हाती सूर सोपवून पाण्याचा घोट घेतो ना, तेव्हा बघा, हातोडी बाहेर येते.

ती टकटक तुम्हाला कर्कश वाटते यात निम्मा दोष माइकचा. तबल्याचा माइक पुडीपासून १०-१५ सेंटीमीटरवर असतो. हातोडीचा लाकडावरचा आवाज तो इमानदारीने पोचवतो आणि मांडवातले मोठे स्पीकर तो शेवटच्या रांगेपर्यंत नेतात. साउंडवाल्याने हातोडी दिसताक्षणी तबल्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली घ्यायला हवा. वादकाला स्वतःचा तबला ऐकायला माइक लागत नाही. मिक्सरवर बसणाऱ्या प्रत्येकाला ही एवढी सवय लागली तरी निम्म्या तक्रारी मिटतील असं माझं मत आहे.

तंबोऱ्याचं काम शांतपणे होतं, म्हणून त्याबद्दल कुणी विचारत नाही. खरं तर तेच अवघड. चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. मालकंसात पंचम वर्ज्य, तिथे पहिली तार मध्यमाला उतरवतात. मारवा-पूरियाला बरेच जण निषाद ठेवतात. म्हणजे दोन रागांच्या मध्ये तंबोरे परत लावणं आलं. खुंटीने ढोबळ सूर आणायचा आणि मण्याने नेमका. घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, खालच्या बाजूचा मणी खाली सरकवला की तार ताणते, वर घेतला की सैलावते. ग्रीनरूममध्ये लावताना मणी मधोमध ठेवून सूर खुंटीनेच जुळवावा, म्हणजे मंचावर दोन्हीकडे सरकायला जागा राहते. मणी आधीच तळाला टेकलेला असेल आणि तार उतरली, तर गाणं चालू असताना खुंटी पिळावी लागते, आणि खुंटी कधी एका झटक्यात नको तेवढी फिरते. एसीत लाकूड आकसून खुंट्या घसरतात, त्यावर खडू चोळतात. पावसाळ्यात त्याच फुगून अडकतात. सूर बराच हलवला की घोडीवरचं सूतही जागचं हलतं आणि जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, मिटते, तार नुसती ठण्ण वाजते. सुताचा धागा केसभर पुढेमागे सारून ती परत उघडायची. मिरजेचा उत्तम तंबोरा असला तरी यातून सुटका नाही.

संतूरच्या नव्वद-शंभर तारा आणि सतारीच्या तरफा, म्हणजे खालच्या अनुनादी तारा, यांचं काय होत असेल, ते यावरून ताडा.

आयोजकांसाठी काही गोष्टी. दिवे कार्यक्रमाच्या तासभर आधी, ज्या प्रकाशात मैफल होणार त्याच प्रकाशाला लावून ठेवा. एसी असेल तर तोही तेव्हाच. वाद्यं ग्रीनरूममध्ये न ठेवता मंचाच्या कडेला, खोळीतून काढून अर्धा तास आधी आणा. गाडीच्या डिकीत तापलेली वाद्यं आल्या आल्या लावू नका, निवू द्या. मांडवाच्या मंचाला मागून आणि दोन्ही बाजूंनी कनाती लावा, दवाचा वारा थेट तबल्यावर यायला नको. कलाकारांनीही नव्या तारा किंवा नवी पुडी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चढवू नये. दोन्ही काही दिवस उतरतच राहतात.

आणि दोन कलाकारांच्या मध्ये छापील कार्यक्रमपत्रिकेत पंधरा मिनिटं स्वच्छ लिहा. पूर्वी हे महोत्सव रात्रभर चालत, घाई कुणालाच नव्हती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होतो, बारापर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवसांना. आधीच्या प्रत्येकाचे दहा-दहा मिनिटं वाढत गेलं की कापला जातो तो शेवटचा कलाकार. तो सहसा सगळ्यांत ज्येष्ठ असतो, सगळ्यांत गार हवा त्याच्याच वाट्याला येते, आणि वाद्यं लावायला सगळ्यांत कमी वेळही त्यालाच मिळतो. साडेआठला मंचावर येऊन तो तंबोरा कानाशी धरतो, तेव्हा मांडवातून कुणीतरी उगीच टाळी वाजवतं. ती टाळी तेवढी थांबवा, त्या आवाजात त्याला जोडीच्या तारा ऐकू येत नाहीत.