सायरन वाजायच्या आधीच

परवा जर्मनीत स्टुटगार्टजवळ ए८ हायवेवर ट्रॅफिक एकदम थांबलं. पुढं काय झालंय कुणालाच दिसत नव्हतं, सायरन नाही, पोलीस नाही, आणि तरी माझ्या पुढचा ट्रक हळूच उजवीकडं सरकला, डाव्या लेनमधल्या गाड्या पार कठड्याला लागल्या आणि बघता बघता मधोमध लांबच लांब रिकामी वाट तयार झाली. दोन-तीन मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली ती त्या वाटेनं कुठंही न अडकता निघून गेली, आणि तिच्या मागोमाग डॉक्टरची वेगळी गाडी.

इथला नियमच तसा आहे. गाड्या माणसाच्या चालीवर आल्या की वाट करून ठेवायची, ॲम्ब्युलन्स दिसेपर्यंत थांबायचं नाही. नाही केली तर कमीत कमी २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. आता तुम्ही म्हणाल दंड आहे म्हणून करतात. पण दंड आपल्याकडंही आहेच की, मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपयांचा. फरक एवढाच की आपण सायरन ऐकल्यावर जागा शोधायला लागतो, आणि संध्याकाळी आमच्या कोल्हापूरच्या दाभोळकर कॉर्नरला तेव्हा सरकायला जागाच उरलेली नसते.

आणि कुणी असं समजू नये की आपल्या माणसांना कळवळा नाही. विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडवर मुंगी शिरायला जागा नसताना, साऊंड बंद करून पोरांनी हाताची साखळी धरून ॲम्ब्युलन्स पुढं काढलेली मी डोळ्यांनी बघितली आहे. इथल्या ऑफिसात हे सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. तर माया कमी नाही, आधीची तयारी कमी आहे.

इथंही हे आभाळातून पडलेलं नाही. स्टुटगार्टपासून जवळच विनेन्डेन नावाचं गाव आहे. १९६९ च्या मे महिन्यात तिथं ब्यॉर्न स्टायगर नावाच्या आठ वर्षांच्या पोराला पोहून घरी येताना गाडीनं उडवलं. लोकांनी फोन केले, परत परत केले, पण ॲम्ब्युलन्स यायला जवळजवळ तास लागला आणि पोरगं हॉस्पिटलच्या वाटेवरच गेलं. आईवडिलांनी त्याच वर्षी त्याच्या नावानं संस्था काढली, रस्त्याकडेला इमर्जन्सी फोन बसवले, सरकारच्या मागं हात धुऊन लागले, आणि १९७३ मध्ये पोलिसांसाठी ११० आणि ॲम्ब्युलन्स-फायर ब्रिगेडसाठी ११२ हे नंबर देशभर लागू करायचं ठरलं. म्हणजे आत्ता-आत्तापर्यंत यांच्याकडंही आपल्यासारखंच होतं.

इथलं लायसन्स काढायचं तर आधी फर्स्ट एडचा कोर्स लागतो, पंचेचाळीस मिनिटांचे नऊ तास, सगळ्यांना. माझ्या बॅचला बहुतेक अठरा वर्षांची पोरं होती. रबरी माणसापुढं गुडघ्यावर बसायचं, कोपर न वाकवता छातीच्या मधोमध दाबायचं, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. बरोबर दाबलं की आतनं टक् असा आवाज येतो. दोन मिनिटांत घाम फुटतो हो, आणि मग कळतं की ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एकट्याला जमायचं काम नाही हे, आजूबाजूच्या चार जणांना यायला पाहिजे. हृदय बंद पडल्यावर कुणीच काही केलं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. ती पहिली मिनिटं कुठल्याच देशाच्या ॲम्ब्युलन्सच्या हातात नसतात. म्हणून ११२ वरचा माणूस फोन ठेवू देत नाही, दाबत राहा, मोजा माझ्याबरोबर, असं सांगत राहतो.

हे सगळं ऐकताना मला कळे गावचे आमचे काका आठवत होते. छातीत दुखायला लागलं, शेजारच्या पोरांनी दुसऱ्या मिनिटाला गाडी काढली, १०८ ला फोन करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पहिल्या हॉस्पिटलात अँजिओप्लास्टीची सोय नव्हती, मग दुसरीकडं पळापळ. काका वाचले, त्या पोरांचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. पण इथं ईसीजी गाडीतच निघतो, सोय असलेल्या हॉस्पिटललाच गाडी नेतात आणि तिथं पेशंट पोचायच्या आधी निरोप पोचलेला असतो.

आता १०८ बद्दल. मला इथले काही मराठी लोक तिला नावं ठेवताना दिसतात ते पटत नाही. २०१४ ला सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या, प्रत्येकीत डॉक्टर, आणि पेशंटला एक रुपया पडत नाही, कार्ड नाही, इन्शुरन्स नाही. इथं ॲम्ब्युलन्सच्या राईडला फक्त दहा युरो म्हणून कौतुक करतात, पण आरोग्य विम्यापोटी दर महिन्याला पगारातनं किती कापतात ते माझी पे-स्लिप सांगते. आणि जिवाला धोका नसेल तर ताटकळावं लागतं, एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मी लेकाचा सुजलेला हात घेऊन अर्धी रात्र बसलोय. कोल्हापुरात आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रात्री अकराला दार उघडलं असतं!

पण मुद्दा गाड्यांचा नाहीच, सार्वजनिक आरोग्याचा आहे, आणि ते आपल्याला जमत नाही असं कोण म्हणेल? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतलं पोरगंही सांगतं. चिखली-आंबेवाडीची माणसं २०१९ च्या महापुरानंतर जनावरं घेऊन आधीच बाहेर पडतात, कुणाच्या घरी म्हातारं आहे, कोण बाळंतपणाला आलीय हे गावातल्या आशाताईंना पाठ असतं. पुरासाठी जे करतो तेच हार्ट ॲटॅकसाठी करायचं, एवढंच.

आणि पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार ही भीती मनातनं काढा. २०१६ ला सुप्रीम कोर्टानं आणि नंतर २०१९ ला कायद्यानं अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही.

दादाशी बोललोय, यंदा गणपतीच्या आधी आमच्या तालमीत, म्हणजे गल्लीतल्या मंडळात, एक रविवार छाती दाबायचं शिकवायचं. थोरल्या दवाखान्यातल्या, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलातल्या, एखाद्या डॉक्टरांना विचारणार आहे तो. तुमच्या मंडळानं असं आधी केलं असेल तर शिकवायला कोण आलं होतं आणि रबरी माणूस कुठनं मिळाला, तेवढं खाली लिहा.