जाम झालेले सिंगर चालते करताना

जुनी शिवणयंत्रे गोळा करणाऱ्याकडे यंत्र येते ते बहुधा ‘बिघडलेले आहे’ या शेऱ्यानिशीच. प्रत्यक्षात त्यांतली बरीचशी बिघडलेली नसून केवळ अडकलेली असतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातले तेल सुकून डिंकासारखे चिकट आणि पुढे कडक होते, त्यात कापडाचे तंतू मिसळतात आणि ओतीव लोखंडाच्या सांगाड्यातले सगळे पोलादी दांडे शाबूत असूनही जागच्या जागी धरले जातात. माझ्याकडे आलेले हाताने चालवायचे सिंगर १५ नेमके याच अवस्थेत होते: चाक तसूभरही हलत नव्हते.

हे यंत्र घेताना मी फारसा विचार केला नाही, कारण या जातीची बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) आणि सुई आजही घरगुती यंत्रांत सर्रास वापरली जाते, आणि ज्याची सुईच मिळत नाही अशा यंत्राची डागडुजी करून ते कपाटातच ठेवावे लागते. आधी बुडाच्या पट्टीवरचा क्रमांक पाहिला. सिंगरने १९०० पासून क्रमांकाआधी इंग्रजी अक्षरे घालायला सुरुवात केली आणि त्यावरून कारखाना कळतो. माझे यंत्र स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचे निघाले, जिथला कारखाना १९८० मध्ये बंद झाला. क्रमांकावरून मिळणारी तारीख ही क्रमांकांचा तो गठ्ठा कारखान्याला नेमून दिल्याची असते, यंत्र तयार झाल्याची नव्हे, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

अडकलेल्या यंत्राशी जोर करू नये, हा माझा पहिला आणि जवळजवळ एकमेव नियम आहे. अडथळा नेमका कुठे आहे ते एकेक भाग वेगळा करून शोधावे लागते. चाकाच्या मधोमध असलेली मोठी गोल चकती सैल केली तेव्हा चाक दांड्यावर सुटे फिरू लागले, म्हणजे चाक निर्दोष होते आणि अडथळा पुढे होता. त्यानंतर सुई, बॉबिन केस (बॉबिन जिच्यात बसते ती डबी) आणि शटल (वरचा दोरा खालच्या दोऱ्याभोवती फिरवणारा भाग) काढून घेतले. शटल ज्या गोल खाचेत झुलते तिचे कडे दोन स्क्रूंनी बसवलेले असते. ते उतरवल्यावर खाचेच्या तळाशी दोऱ्याचे एक वेटोळे दिसले, शटलच्या घर्षणाने चपटे होऊन धातूसारखे चकाकणारे, इतके की पहिल्या नजरेत ते यंत्राचाच एखादा भाग वाटावे. चिमट्याने ते निघाले, पण चाक तरीही हलेना.

उरलेला अडथळा सुईच्या दांड्यात होता. डावीकडची झाकणपट्टी काढताच आतला दांडा तपकिरी थराने माखलेला दिसला. अशा वेळी सगळ्या तेलभोकांत आणि जिथे धातू धातूवर घासतो त्या प्रत्येक सांध्यात शिवणयंत्राचे तेल सोडायचे, केस वाळवायच्या यंत्राने आतल्या बाजूने ऊब द्यायची आणि चाक पुढे-मागे, जेवढे सहज जाईल तेवढेच, डोलवत राहायचे. ओतीव लोखंड ऊब बराच वेळ धरून ठेवते, त्यामुळे घाई न करता ते तसेच मुरू देणे फायद्याचे ठरते. जिथे थर फारच जाड होता तिथे मी खिडक्या उघड्या ठेवून कापसाच्या बोळ्याने रॉकेल लावले. मात्र रॉकेल जुन्या थरासोबत सगळे वंगणही धुऊन नेते, म्हणून नंतर पुन्हा तेल देणे भागच असते. अखेर चाक थोडे, मग अर्धे आणि मग पूर्ण फिरले. त्यानंतर सांध्यांतून काळे तेल बाहेर येत राहिले; ते स्वच्छ येईपर्यंत पुसणे आणि नवे सोडणे हा सर्वांत कंटाळवाणा भाग.

चाक परत बसवल्यावर ते घट्टच होईना. या चकतीखाली एक वॉशर असतो, त्याला तीन कान असतात आणि तो दोन रीतींनी बसतो. चकतीवरचा छोटा स्क्रू कानाला अडत असेल, तर वॉशर अर्धा फिरवून लावला की काम होते. पुष्कळ ‘नादुरुस्त’ यंत्रांचे दुखणे एवढेच असते.

बाहेरच्या सोनेरी नक्षीबाबत मात्र मी फार जपून वागतो. काळ्या रंगावर आणि नक्षीवर पुष्कळदा शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, पारदर्शक थर असतो आणि स्पिरिटने तो विरघळतो, म्हणून घरगुती सफाईची द्रावणे तिथे वर्ज्य. मी फक्त यंत्राचे तेल आणि मऊ कापूस वापरला, आणि जिथे सोनेरी रंग उडाला होता तिथे तो तसाच राहू दिला. नव्याने रंगवलेले यंत्र मला मुळीच आवडत नाही.

शिलाई तपासायला वर आणि खाली वेगळ्या रंगांचे दोरे घेतले. कापडाखाली गुंते येऊ लागले, तेव्हा बॉबिन केस दोऱ्याने लोंबकळत धरून पाहिली. ती जागीच राहिली आणि हलका झटका देताच किंचित खाली सरकली, म्हणजे खालचा ताण ठीक होता. दोष वरच्या ताणाच्या चकत्यांत होता. फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचलल्यावर या चकत्या उघडणारी एक बारीक पिन आत असते, ती सुकलेल्या तेलाने पुढे आलेल्या अवस्थेत चिकटली होती, त्यामुळे चकत्या दोरा धरतच नव्हत्या. पिन मोकळी होताच गाठ दोन कापडांच्या मधोमध बसू लागली.

याच जातीचे, बुडाला तडा गेलेले दुसरे यंत्र मी नंतर मुद्दाम घेतले. तडा गेलेले ओतीव लोखंड सांधायच्या भानगडीत मी पडत नाही. पण सिंगरच्या कित्येक स्क्रूंचे आटे प्रचलित मापांशी जुळत नाहीत, म्हणून त्याचे स्क्रू, शटल आणि ताणाच्या चकत्या तेल लावून डब्यात ठेवल्या आहेत.